तरवडाच्या दिवसांतली बावडी

परवा शाळा सुटल्यावर बाहेर पडले आणि जामबागेच्या वळणावर थांबलेच. फुटपाथवर ओल्या गोणपाटावर तरवडाच्या पिवळ्याजर्द फांद्यांचे ढीग, त्याला टेकून कुरडूच्या पांढऱ्या तुऱ्यांचे भारे. फुलवाली पाणी शिंपडत होती, मागून रिक्षांचे हॉर्न चालू होते, आणि भोवती बायकांचा गराडा. कुणी तेलुगूत भाव करत होतं, कुणी हिंदीत. मीही भारे उचलले.

"टीचरम्मा, आप तो मराठी लोगां ना? आप भी बतुकम्मा करते?" फुलवालीनं विचारलं.

"करते," मी म्हणाले.

माझे आजोबा देगलूरकडून इथं निजामाच्या वेळी नोकरीला आले. त्यांच्या गावी तरवड माळावर, बांधावर आपोआप उगवायचा. कुणी लावायचं नाही, कुणी तोडायचं नाही, आणि देवाला वाहायचा तर प्रश्नच नव्हता. कुरडूचंही तेच. पोटापुरती भाजी खुडली की उरलेलं ते तण. या शहरात मात्र भाद्रपद सरत आला, पाऊस थकून अधूनमधून येऊ लागला आणि दुपारच्या उन्हाला धार चढली, की हीच रानफुलं राणीसारखी बाजारात येतात. तेलुगू बायका त्यांना तंगेडू आणि गुनुगू म्हणतात. कुरडूचे तुरे रंगात बुडवून लाल, जांभळे, हिरवे करतात. परातीत भोपळ्याची पानं अंथरून त्यावर फुलांचे थर चढवत नेतात, देवळाच्या शिखरासारखे निमुळते, आणि वर हळदीची गौर बसवतात. ही बतुकम्मा. अवसेपासून दसऱ्याच्या तोंडापर्यंत संध्याकाळी बायका तिच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात, गातात, आणि मग तिला पाण्यात सोडतात. 'बतुकु' म्हणजे जगणं. जग गं आई, असं काहीसं ते नाव.

आमचा भोंडलाही याच दिवसांतला. आम्ही पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फिरतो, तेलुगू बायका फुलांभोवती. लहानपणी आमच्या या बरकतपुऱ्यात एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाताना कुठला फेर कुणाचा हे मला कळायचं नाही. तेलुगू गाणं अर्थ न कळता तोंडपाठ व्हायचं आणि घरी येऊन मी ते आईला ऐकवायची.

पण भारे हातात घेऊन बसस्टॉपवर उभी राहिले तेव्हा लहानपण आठवलं नाही. आठवला तो काही वर्षांपूर्वीचा हाच मोसम, आमच्या कॉलनीतल्या बावडीचा.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळा तुकडा आहे. कधीकाळी तिथं एका नवाबाची बाग होती म्हणतात. बाग गेली, बंगला गेला, भोवती अपार्टमेंट उभी राहिली आणि मध्ये बावडी राहिली. दगडी, चौकोनी, एका बाजूनं पायऱ्या उतरत गेलेली. माझ्या लहानपणीच तिचं पाणी वापरायचं बंद झालं होतं. मग कुणीतरी अर्ध्या तोंडावर सिमेंटची लादी टाकली, उरलेल्या अर्ध्यातून लोकांनी कचरा टाकला, आणि आम्ही नाकाला पदर लावून तिथून जायला शिकलो. माझी मुलगी मुक्ता याच गल्लीत वाढली, पण तिथं खाली पायऱ्या आहेत हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी श्रावणात आमच्या कॉलनीच्या असोसिएशनचे अध्यक्ष नरसिंग राव यांचे वडील गेले. छातीत कळ आली, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, पण गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. अ‍ॅम्ब्युलन्स तोंडाशीच अडकली. म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागलं, आणि ते दवाखान्यात पोचलेच नाहीत. त्या सकाळी अडकलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. कुणाची गाडी कुणाच्या पुढे आहे हे शोधत माणसं पळत होती. तो आवाज मला नंतर कितीतरी दिवस वर्गात शिकवतानाही ऐकू यायचा.

त्यांचे दिवस झाल्यावरच्या रविवारी असोसिएशनची सभा झाली. नरसिंग राव उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेला उंच, सरळ माणूस. आवाज चढवायची त्यांना सवय नाही.

"बावडी मलबा टाकून भरायची," ते म्हणाले. "वर फरशी करायची आणि सगळ्या गाड्या तिथं लावायच्या. गल्ली मोकळी राहिली पाहिजे. माझे बावा गेले. दुसऱ्या कुणाचे जायला नकोत."

कोण काय बोलणार? मी विज्ञान शिकवते. पाणी जमिनीत कसं मुरतं, त्याच्या आकृत्या वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. आमच्या बोअरवेल उन्हाळ्यात कोरड्या पडतात आणि टँकरसाठी आम्ही भांडतो, हे सगळं तोंडावर आलं होतं. पण समोर बाप गमावलेला माणूस उभा होता. शेजारी मुक्ता पुटपुटली, "आई, त्यांचं लॉजिक बरोबर आहे ना. कचराकुंडीच तर आहे ती."

तेव्हा सुजाता गारू उठल्या. आमच्या समोरच्या घरातल्या; 'गारू' हे तेलुगूतलं आदराचं 'जी'. शिक्षणखात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, केसांत कायम एक फूल. त्या तेलुगूत सुरू करतात, मध्येच हिंदीत येतात आणि माझ्याशी बोलताना दोन मराठी शब्द घालतात. इथं मी मराठीतच सांगते.

"राव गारू," त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुम्ही बतुकम्मासाठी मैदानात प्लास्टिकचा टब ठेवला होतात. आठवतं?"

"तलाव लांब आहे, अम्मा. ट्रॅफिक..."

"मी तुम्हाला दोष देत नाही. मी माझी बतुकम्मा त्या टबात ठेवली. ती बुडाली नाही, तरंगली नाही, नुसती दुसऱ्यांच्या फुलांवर बसून राहिली. सकाळी गेले तर टब पालथा करून ठेवलेला आणि फुलं गटारात. घरी येऊन मी जेवले नाही. बावडी भरायचीच असेल तर भरा. पण या वर्षीची बतुकम्मा मी तिच्यात सोडणार. दसऱ्यापर्यंत थांबा."

नरसिंग राव म्हणाले, "दसऱ्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी मलब्याची लॉरी येईल."

सभा संपली. जिन्यात मी सुजाता गारूंना गाठलं. "अहो, तिच्यात पाणी कुठंय? नुसता कचरा आहे."

"म्हणून तर सांगते, उद्या सकाळी हातमोजे घेऊन या," त्या म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बावडीवर आम्ही मोजक्या बायका होतो. भादव्यातलं ऊन सकाळीच चटके देऊ लागतं. वरवरचा कचरा काढायला सुरुवात केली आणि पहिल्याच पोत्यात माझा धीर सुटला. डायपर, दारूच्या बाटल्या, कुजलेल्या गाद्या. त्याखाली मात्र देव निघाले. प्लास्टरचे गणपती, हात तुटलेले, रंग उडालेले. देवांच्या काचा फुटलेल्या तसबिरी. कॅलेंडरं, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, पूजेचे धागे. सुजाता गारू हातात एक गणपती धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हे पण आपणच टाकलंय," मी म्हणाले.

"हौ," त्या म्हणाल्या. "आपणच."

शहर, पर्यावरण, परंपरा यांवर लोक व्याख्यानं देतात तेव्हा मला तो गणपती आठवतो. आपले सणवार म्हणजे आपोआप निसर्गाची पूजा, असं म्हणणं फार सोपं आहे. त्या बावडीचा गळा देवाच्या नावानंही आवळला होता. रीत ही नुसती हातात येते. तिचं काय करायचं हे त्या त्या पिढीला ठरवावं लागतं, तेही पोत्यात हात घालून.

बावडीला लागूनच रुखसाना आपांचं घर. सत्तरीच्या पुढच्या, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या रहिवासी. त्या पहिल्या दिवशी खिडकीतून नुसतं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी चहाची किटली घेऊन आल्या आणि कठड्यावर बसल्या.

"क्या कर रैं तुम लोगां?"

सांगितलं.

"या अल्ला! इसका पानी तो शरबत था, अम्मा. हमारी अम्मी इसीच पानी में चावल धोते थे. नळ का पानी में दाल नै गलती बोलते थे." मग त्यांनी हाक मारून पुतण्याला बोलावलं, घरातून वीज काढून दिली, पंपाला जागा दिली. त्या दिवसापासून त्या आमच्या मुकादम झाल्या. कठड्यावर बसायचं आणि पोतं कुठं ठेवायचं ते हातवाऱ्यानं सांगायचं.

आत उतरायचं काम आमचं नव्हतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या विहिरीत विषारी वायू साठतो, माणूस उतरला की परत येत नाही, हे मी शाळेत शिकवलेलं. मी हट्ट धरला आणि विहिरी उपसणारी माणसं बोलावली. त्यांनी लादी फोडली, दोन दिवस पंख्यानं आत हवा सोडली आणि मगच दोर बांधून उतरली. घमेल्याघमेल्यानं गाळ वर येऊ लागला. काळा, चिकट, सडलेल्या पानांचा वास असलेला. संध्याकाळी साडीला, केसांना तोच वास. मी शाळेत मुलांसमोर उभी राहिले की पुढच्या बाकावरची पोरं नाक मुरडायची.

त्या बायकांत एक होती जी बोलायचीच नाही. नरसिंग रावांची बायको, पद्मा. घरात वर्षाच्या आतलं सुतक, म्हणून तिला त्या वर्षी बतुकम्मा करता येणार नव्हती, फेर धरता येणार नव्हता. पण ती रोज सकाळी यायची, पदर खोचून घमेली पुढं सारायची आणि नऊच्या आत घरी जायची. नवऱ्यानं ठरवलेल्या कामाच्या विरुद्ध ती हे करत होती की सासऱ्यांसाठी, आम्ही विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

मुक्ताची गोष्ट वेगळी. ती माधापूरला आयटीत आहे, शनिवार-रविवार घरी असते. पहिल्या शनिवारी ती माझ्यावर चिडलीच.

"आई, प्लीज प्रॅक्टिकल हो ना. तुम्ही सगळ्या फुलं सोडणार, फोटो काढणार. मग? पार्किंगचं काय? परत कुणाची अ‍ॅम्ब्युलन्स अडकली तर? तू जाऊन सांगशील त्यांना, की आमचा सण महत्त्वाचा होता?"

तिचं खरं होतं. बावडी वाचवायची तर त्या माणसाचं दुःख बाजूला सारून वाचवता येणार नव्हतं. गल्ली मोकळी व्हायलाच हवी होती. सकाळी उठले तर ती चपला घालून दारात.

"कुठं चाललीस?"

"बघते ना. एवढ्या सगळ्या बिल्डिंगना खाली पार्किंग असतं. मग गाड्या बाहेर का?"

ती दिवसभर गल्लीतल्या प्रत्येक अपार्टमेंटच्या तळमजल्यात डोकावून आली. संध्याकाळी येऊन सोफ्यावर पसरली. "आई, पार्किंग आहे. भरपूर आहे. फक्त तिथं गाड्या नाहीत. जुने फ्रिज आहेत, पलंग आहेत, एके ठिकाणी शिलाईचं युनिट आहे, एके ठिकाणी बेगम बाजारच्या व्यापाऱ्याचं प्लास्टिकचं गोदाम आहे. सगळ्यांनी आपल्या पार्किंगमध्ये अडगळ भरलीय आणि गाडी रस्त्यावर."

"ते गोदाम कुणाच्या बिल्डिंगमध्ये आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "नरसिंग अंकलच्या."

हे त्यांना कसं सांगायचं, याचा आम्ही दोन दिवस विचार केला. सभेत सांगितलं असतं तर तो माणूस सगळ्यांसमोर मोडला असता, आणि मोडलेला माणूस हट्टाला पेटतो. शेवटी काही सांगावंच लागलं नाही.

एका सकाळी नरसिंग राव स्वतः बावडीवर आले. गाळ बराच निघाला होता, पायऱ्या दिसू लागल्या होत्या. चहा घेताना रुखसाना आपांनी त्यांना हाक मारली.

"नरसिंग बाबू, इधर आओ. ये नीचे का पत्थर दिखता? उसके उप्पर से तुम्हारे बावा कूदते थे."

"मेरे बावा?"

"और कौन! गल्ली के सब पोट्ट्यां को उनोच तैरना सिखाए. मेरे भाई को कमर में डब्बा बांध के ढकेल दिए, हमारी अम्मी इत्ता चिल्लाए! भाई बोलता था, पानी का डर मेरा नरसिंग के बावा निकाले." आपा हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "तुम्हारे कू नै बोले क्या कब्बी?"

"नै बोले," नरसिंग राव म्हणाले.

ते पायऱ्यांवर बसले. माणूस एवढा सरळ असला की त्याचं वाकणं चटकन दिसतं. पद्मा घमेलं खाली ठेवून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. आम्ही आमच्या कामाला लागलो.

पाणी वर आलं ते त्याच आठवड्यात. तळ खरवडून झाला होता. विहीर उपसणारा खालून ओरडला आणि आम्ही सगळ्या कठड्यावर ओणवलो. एका कोपऱ्यात, दगडांच्या सांध्यातून, बोटाएवढी धार. आधी गढूळ, मग निवळ. पावसाळा नुकता संपत आलेला, जमीन पाण्यानं भरलेली, तिला फक्त वाट हवी होती. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी त्या सकाळी शाळेला उशीर होईपर्यंत मी तिथून हलले नाही. सुजाता गारूंनी सरळ हात जोडले. रुखसाना आपा "सुभानअल्ला, सुभानअल्ला" म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या, आणि त्यात आभाळाचा चौकोन पडला होता.

दसऱ्याआधीच्या सभेत नरसिंग राव सगळ्यांच्या आधी बोलले. "माझ्या घराखाली पार्किंग आहे. तिथं मी गोदाम भाड्यानं दिलंय. बावांना न्यायला आलेली गाडी ज्या गाड्यांनी अडवली, त्यांत एक माझीही होती. गोदाम मी खाली करतो. तुम्ही तुमचं करा. गल्लीत एकाच बाजूला गाड्या लागतील. ज्याची गाडी दुसऱ्या बाजूला दिसेल, त्याच्या घरी मी स्वतः जाईन. लॉरी येणार नाही."

मुक्तानं त्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर तीन भाषांत मेसेज टाकला. मराठी तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, कारण देवनागरी तिला वाचायला वेळ लागतो. मला एरवी त्याचा राग येतो. त्या दिवशी आला नाही.

शेवटच्या मोठ्या बतुकम्मेची संध्याकाळ. सद्दुला बतुकम्मा म्हणतात तिला. मी आमच्या ओळखीच्या मराठी बायकांना भोंडल्यासाठी बावडीवरच बोलावलं होतं. अर्ध्या जणींना तर हत्ती कसा काढायचा तेही आठवत नव्हतं. रांगोळीचा तो हत्ती शेवटी म्हशीसारखा दिसत होता, आणि त्यावर सगळ्या हसत होत्या. एका फेरात तेलुगू गाणं, दुसऱ्यात मराठी, आणि मधूनच एकमेकींच्या टाळीचा ठेका चुकत होता. मग आमच्या रिवाजाप्रमाणे खिरापत ओळखायची वेळ आली. मी झाकलेला डबा हलवून विचारलं, "सांगा, आत काय?"

"लाडू!" "चिवडा!" "पुलिहोरा!" तेलुगू पोरी ओरडत होत्या. रुखसाना आपा खुर्चीत बसल्या जागी म्हणाल्या, "हात में दे, देखती." डबा हातात घेऊन त्यांनी नुसता वास घेतला. "मलिदा है."

खरंच मलिदा होता. पोळ्या कुस्करून, गूळ-तूप घालून केलेला. सुजाता गारूंनी आपला डबा उघडला, बतुकम्मेच्या नैवेद्याचा. त्यातही मलिदा. आपा म्हणाल्या, "हमारे पास नियाज में बांटने कू येईच बनता." दोन्ही डबे एका ताटात ओतले, आणि कुणाचा कुठला हे मग कळेना.

अंधारायच्या आत बायकांनी पायऱ्यांवर रांग केली. वरून खाली, हातातून हातात, एकेक बतुकम्मा उतरत गेली. वजनदार असतात त्या, फुलं ओली असतात, हात भरून येतात. पद्मा फेरात नव्हती, पण शेवटच्या पायरीवर पाण्यात तीच उभी होती. प्रत्येक परातीतली बतुकम्मा तिच्या हातातून पाण्यावर गेली. तरवडाची पिवळी वर्तुळं हळूहळू पसरत मध्यावर गेली. सुजाता गारूंची बतुकम्मा या खेपेला तरंगली आणि बऱ्याच वेळानं कलली.

तरवड आणि कुरडू पाणी शुद्ध करतात, असं तेलुगू बायका श्रद्धेनं सांगतात. खरं की नाही, मी तपासलेलं नाही. सडलेली फुलं पाणी नासवतात, एवढं मात्र मला ठाऊक होतं, आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी आमचं वाजलं.

"देवीला दिलेलं परत काढायचं?" सुजाता गारू संतापल्या. "मग त्या टबात आणि यात फरक काय?"

"राहिलं तर आठवड्यात वास सुटेल. पुन्हा लोक नाकाला रुमाल लावतील, आणि पुढच्या वर्षी तुम्ही काय म्हणाल?"

त्या घरात निघून गेल्या. तासाभरानं आल्या तेव्हा त्यांच्या हातात मासे पकडायची जाळी होती, भाच्याकडून मागवलेली. "रात्रभर ती पाण्यात राहिली. माहेरपण झालं तिचं. आता झाडांना घालू. पण गटारात एक पाकळी गेली तर माझ्याशी गाठ आहे." फुलं आम्ही बावडीच्या कडेनं खड्डा करून पुरली. तिथं आता कडुनिंब आहे.

फुलांनी पाण्याचं काय होतं याचा मी पुढं फार विचार केला नाही. बायकांचं काय होतं ते मी बघितलं. ज्या पाण्यात आपली फुलं सोडायची आहेत, त्या पाण्यापाशी वर्षातून एकदा तरी जावं लागतं, वाकून बघावं लागतं. ते आटलं, नासलं, कुणी भरून टाकलं, तर सण होत नाही. शहराचे नकाशे काढणाऱ्यांनी पाणी वाचवायला कितीतरी योजना केल्या असतील. त्यांतल्या काही चांगल्याही असतील. पण योजनेसाठी पहाटे उठून कुणी गाळ काढत नाही. त्यासाठी ते आपलं असावं लागतं.

सगळं गोड झालं असं नाही. पुढच्या वर्षी निम्म्याही बायका आल्या नाहीत. कठड्यावर जाळी बसवली, तरी कुणीतरी पिशव्या फेकतंच. उन्हाळ्यात टँकर आला, फक्त पूर्वीपेक्षा उशिरा आला. नरसिंग रावांनी गच्च्यांवरचं पावसाचं पाणी नळ्यांनी बावडीत सोडायला लावलं, आणि त्यासाठी लोकांशी जे भांडण केलं त्यातून दोन घरं अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. गेल्या हिवाळ्यात सुजाता गारूंच्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. अ‍ॅम्ब्युलन्स सरळ दारात येऊन थांबली. ते आता काठी घेऊन चालतात. नरसिंग राव त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभे होते, गाडी आत गेली तरी तिथंच उभे होते.

तर परवा ते तरवडाचे भारे घेऊन घरी पोचले, तेव्हा दारात दोन बायका बसलेल्या. एक माझ्या वर्गातल्या मुलीची आई, दुसरी तिची शेजारीण. त्या शहराच्या कडेच्या वस्तीत राहतात. तिथं एक कुंटा आहे, लहानसं तळं. कुणीतरी महिनाभर त्यात मलबा टाकतंय.

"आमच्याकडे असोसिएशन नाही, टीचर," मुलीची आई म्हणाली. "ओळखी नाहीत. तक्रार केली, कुणी आलं नाही. बतुकम्मा कुठं सोडायची हेच आम्ही विचारायला आलोय."

मी चहा टाकला. सुजाता गारूंना हाक मारली, मुक्ताला फोन केला. काल सुट्टी होती. सकाळी आम्ही सगळ्या परात आणि तरवड घेऊन तिकडं गेलो.

कुंट्याचा अर्धा भाग विटा-सिमेंटच्या राड्यानं भरला होता. उरलेल्यात बगळे उभे होते. आमच्यासमोरच एक लॉरी मागं घेत काठावर आली. वस्तीतल्या बायका थांबल्या, माझ्याकडे बघू लागल्या. सुजाता गारूंनी कुणाकडेच बघितलं नाही. लॉरीच्या मागे, नेमका मलबा पडणार होता त्या जागेवर त्यांनी बसकण मारली, परात ठेवली, भोपळ्याचं पान अंथरलं आणि माझ्यापुढे हात केला. मी त्यांच्या हातात तरवड दिला आणि शेजारी बसले. मुक्ता बसली. मग मुलीची आई, तिची शेजारीण, आणि घराघरांतून एकेक करत बाकीच्या.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग इंजिन बंद करून खाली उतरला, आणि आमच्या अर्ध्या रचलेल्या फुलांकडे बघत त्यानं विचारलं, "कित्ती देर का है, अम्मा?"

"भौत दिनां का है, बेटा," मी म्हणाले. "लॉरी वापस लेके जाओ."